परड्यातला पाईप आणि बोर्डातली हिरवी तार : घराचं अर्थिंग कसं तपासायचं, कसं करून घ्यायचं

दोन पावसाळ्यांपूर्वी खानापूर तालुक्यातल्या एका घरी गेलो होतो. वॉशिंग मशीनला ओला हात लागला की झिणझिण्या येतात, अशी तक्रार होती. घरातल्या मामी म्हणाल्या, "अर्थिंग हाय की ओ आमच्यात. बोर्डात हिरवी तार बघा की."

तार होती. बोर्डापासून मेनपर्यंत होती, मेनपासून भिंतीबाहेरही गेली होती. पण न्हाणीला नवी फरशी घालताना गवंड्यानं आड येणारा अर्थिंगचा गंजका पाईप कापून टाकला होता आणि तार सिमेंटखाली तशीच संपली होती. घरातल्या सगळ्या थ्री-पिन सॉकेटांच्या मोठ्या पिना एकमेकींना जोडलेल्या होत्या, जमिनीला मात्र कुणीच नाही. गळती होती गिझरमध्ये. तिचा करंट हिरव्या तारेतून फ्रिजच्या दारावर आणि मशीनच्या पत्र्यावर येत होता. तुटलेलं अर्थिंग एका यंत्राचा दोष सगळ्या घराला वाटतं. अर्थिंग नसलेल्या घरापेक्षा असं घर मला जास्त धोक्याचं वाटतं, कारण तिथं माणसं निर्धास्त असतात.

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात वायरिंगची कामं करताना हेच पुन्हा पुन्हा दिसतं. म्हणून पहिल्यापासून सांगतो. यातलं बघण्याचं काम घरातलं कुणीही करू शकतं. स्क्रू ड्रायव्हर लावायचं काम लायसन्स असलेल्या वायरमनकडूनच करून घ्या.

करंट कुठून जातो, ते आधी

वीज कंपनीची, म्हणजे हेस्कॉमची वायर (आपल्या तोंडी अजून केईबीच) घरात दोन गोष्टी आणते, करंट आणणारा फेज आणि तो परत नेणारा न्यूट्रल. तिसरी, म्हणजे अर्थ, बहुतेक घरांत आपली आपणच केलेली असते. गिझरच्या कॉईलला चीर पडली किंवा मशीनच्या आत वायर घासली की फेज पत्र्याला लागतो. यालाच आपण 'बॉडीला करंट उतरला' म्हणतो. अर्थिंग असेल तर तो करंट तारेनं जमिनीत उतरतो. नसेल तर यंत्राला हात लावणाऱ्या माणसातून उतरतो. ओल्या हातापायांच्या माणसाच्या शरीराचा विरोध सुमारे १००० ओहम धरला, तर २३० व्होल्टला २३० मिलीअँपियर होतात. १० मिलीअँपियरच्या पुढे गेलं की स्नायू आखडतात आणि पकडलेली वस्तू सोडता येत नाही. ५० ते १०० मिलीअँपियर काही क्षण छातीतून गेले तर हृदयाचे ठोके बिघडू शकतात.

आता जी गोष्ट फार थोड्या घरांना माहीत असते ती सांगतो. नुसतं अर्थिंग पुरत नाही. समजा तुमचा पाईप चांगला आहे आणि त्याचा विरोध १० ओहम आहे. फेज बॉडीला लागला तर जमिनीत जाणार फार तर २३ अँपियर. त्या लाईनवर १६ अँपियरची एमसीबी, म्हणजे जादा करंट झाला की आपोआप पडणारा स्विच आहे. तिला २३ म्हणजे दीडपटही नव्हे. अशी एमसीबी पडायला कित्येक मिनिटं, कधी तासभरही लागतो. ती झटक्यात पडायला, बाजारात सहसा मिळणाऱ्या 'सी' प्रकारात, पाच ते दहा पट करंट लागतो, म्हणजे ८० ते १६० अँपियर. घरगुती पाईपमधून तेवढा कधीच जाणार नाही. तोवर यंत्राचा पत्रा जिवंतच राहतो.

ही उणीव आरसीसीबी भरून काढते. वायरमन तिला ईएलसीबीही म्हणतात. फेजमधून गेलेला आणि न्यूट्रलमधून परत आलेला करंट ती सतत ताडून बघते. ३० मिलीअँपियरचा फरक पडला की सेकंदाच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आत, आणि गळती मोठी असेल तर त्याहून कितीतरी लवकर, लाईन तोडते. अर्थिंगचा विरोध १०० ओहम असला तरी ३० मिलीअँपियरला पत्र्यावर येणार फक्त ३ व्होल्ट. मग आरसीसीबी असली की अर्थिंग कशाला, असंही लोक विचारतात. अर्थिंग असेल तर गळती सुरू होताच, कुणी हात लावायच्या आधी ती पडते. अर्थिंग नसेल तर तिला पडायला माणसाच्या अंगातून करंट जाण्याची वाट बघावी लागते. दोन्ही हवीतच.

पायरी १ : तार उलटी चालत जा

दिवसाउजेडी, काहीही न उघडता, परड्यापासून सुरुवात करा. अर्थिंगचा पाईप पुरलेला खड्डा कुठं आहे ते घरातल्या थोरांना विचारा. झाकण उचला. पाईप दिसतो का? त्यावरचा नट-बोल्ट गंजून पीठ झालाय का? तार क्लॅम्पमध्ये घट्ट आहे, की नुसती गुंडाळलेली? ती भिंतीत कुठं शिरते आणि मेनजवळ कुठं निघते? मधला एखादा तुकडा दिसत नसेल, तर तिथंच संशय घ्या.

बेळगावात शहापूर, वडगाव, खासबागच्या गल्ल्यांतल्या जुन्या घरांत लाकडी पट्टीवर ठोकलेलं वायरिंग अजून सापडतं. तिथं हिरवी वायर शोधू नका. पट्टीबरोबर धावणारी उघडी जीआय (जस्त चढवलेली लोखंडी) तार म्हणजेच अर्थ. ती बहुधा नळाच्या लोखंडी पाईपला वेटोळं घालून सोडलेली असते. पूर्वी तो पाईप जमिनीतून लांबवर गेलेला असायचा, म्हणून काम भागायचं. पुढं नळाचे पाईप प्लास्टिकचे झाले आणि त्या दिवसापासून अर्थिंग संपलं. तारेच्या टोकाला राहिला फक्त लोखंडी नळ, ज्याखाली आपण हात धुतो. असं दिसलं तर तो नळ वापरायचा थांबवा आणि त्याच दिवशी वायरमनला बोलवा.

पायरी २ : खोटं अर्थिंग ओळखा

हे काम वायरमननं मेन बंद करून, टेस्टरनं खात्री करून करायचं. सॉकेट उघडल्यावर मोठ्या पिनेपासून शेजारच्या न्यूट्रल पिनेला छोटा वायरचा तुकडा जोडलेला दिसला, तर तो तिथल्या तिथं काढून टाकायला सांगा. 'न्यूट्रल म्हणजे अर्थच की' असं म्हणून हे केलेलं असतं. खांबावरचा किंवा मीटरपाशी असलेला न्यूट्रल तुटला, आणि आपल्याकडे वळवाच्या वाऱ्यात तो तुटतोच, की घरात चालू असलेल्या बल्बमधून फेज न्यूट्रलवर परत येतो आणि या तुकड्यावाटे फ्रिजच्या अंगावर चढतो. यंत्रात काहीही बिघाड नसताना माणूस जातो, तो असा.

थ्री-पिन टॉपची वरची पिन मोडून टू-पिनमध्ये घालणं हा त्याचाच धाकटा भाऊ. इस्त्री, फ्रिज, गिझर, वॉशिंग मशीन, ग्राइंडर, पाण्याची मोटर यांना तिसरी पिन लागतेच. ज्या यंत्राच्या पट्टीवर चौकोनात चौकोन अशी खूण असते, त्याला दुहेरी इन्सुलेशन असतं. ते दोन पिनांवर चालतं.

पायरी ३ : मोजून घ्या

सर्रास होते ती बल्बची परीक्षा. फेज आणि अर्थ यांच्यामध्ये शंभरचा बल्ब लावायचा, लख्ख पेटला की 'अर्थिंग फस्क्लास'. हे खरं नाही. शंभर वॅटचा बल्ब पेटलेला असताना त्याचा विरोध साधारण ५३० ओहम असतो. अर्थिंगचा विरोध १०० ओहम, म्हणजे अगदी वाईट असला, तरी बल्बला सुमारे १९० व्होल्ट मिळतात आणि डोळ्याला तो ठीकच दिसतो. मल्टिमीटर तर याहून फसवा. त्याला इतका कमी करंट लागतो की जवळजवळ मेलेल्या अर्थिंगवरही तो २३० दाखवतो.

बल्बच्या परीक्षेत दुसराही धोका आहे. अर्थिंग तुटलेलं असेल तर बल्बमधून आलेला फेज घरातल्या सगळ्या यंत्रांच्या अंगावर जातो. परीक्षा स्वयंपाकघरात चाललेली आणि शॉक न्हाणीत. म्हणून घरी हे करूच नका.

खरं माप अर्थ टेस्टरनं निघतं. पाईपपासून लांबवर एक खुंटी ठोकतात, दुसरी मध्ये साधारण ६० टक्के अंतरावर, आणि ओहम वाचतात. मोजताना घराची तार पाईपपासून सोडवलेली असावी आणि त्या वेळात मेन बंद. घरासाठी ५ ओहमच्या आत आलं तर उत्तम. दहाच्या आसपास असेल आणि ३० मिलीची आरसीसीबी असेल तर मी घाई करत नाही. त्याच्या वर गेलं की खड्ड्याकडं बघायला हवं. मोजायचं मात्र एप्रिल-मे महिन्यात. जुलैत धो धो पावसाच्या कणकुंबीला कुठलाही खिळा ठोकला तरी माप चांगलंच येईल. वैशाखात जे येतं ते तुमच्या अर्थिंगचं खरं रूप.

पायरी ४ : खड्डा, आणि आपली माती

भारतीय मानक आयएस ३०४३ मध्ये घरगुती पाईप अर्थिंगसाठी किमान ३८ मिमी आतल्या व्यासाचा आणि २.५ मीटर लांबीचा जीआय पाईप सांगितला आहे. प्लेट वापरायची तर ६० बाय ६० सेंटिमीटरची. जीआय असेल तर जाडी ६.३ मिमी आणि तांब्याची असेल तर ३.१५ मिमी. प्लेटची वरची कड जमिनीखाली निदान दीड मीटर हवी. घराच्या भिंतीपासून खड्डाही निदान दीड मीटर लांब.

एवढं सगळीकडे सारखं. पुढं मातीप्रमाणे बदलतं, आणि आपल्या जिल्ह्यात माती तासाभराच्या प्रवासात बदलते.

जांबोटी, खानापूर, कणकुंबीकडे जांभा. पाऊस मुबलक, पण पाणी थांबत नाही आणि चार-पाच फुटांवर पहार उडायला लागते. तिथं अर्धवट खड्ड्यात पाईप कापून उभा करतात. ते काम फुकट जातं. खोल जाता येत नसेल तर आडवं जा. अर्धा मीटर खोल चर खणून त्यात २५ बाय ४ मिमीची जीआय पट्टी निदान १५ मीटर लांब पुरायची. मानकात ही पद्धत आहे आणि कातळाच्या जागी हीच सोयीची. जागा असेल तर दोन पाईप पुरून जोडता येतात, पण दोघांमध्ये पाईपच्या लांबीच्या दुप्पट अंतर हवं. जवळ पुरले तर दुसऱ्याचा फायदा बराच कमी होतो.

निपाणी, चिकोडी, अथणीकडच्या काळ्या रानात उलट. ओली काळी माती विजेला फार चांगली. उन्हाळ्यात मात्र ती हात जाईल एवढी भेगाळते आणि पाईपपासून सुटते. पाईप जागेवर, पण त्याला माती टेकलेलीच नाही. तिथं पाईपभोवती बेंटोनाइट मातीचं भरण घालावं. ते ओल धरून ठेवतं आणि फुगून पाईपला चिकटतं. त्यावर उन्हाळाभर आठवड्याला दोन घागरी पाणी.

कोळसा आणि मीठ ही जुनी पद्धत चालते. फक्त मीठ पाईपही खातं, हे विसरू नका. मिठाचा खड्डा पाच-सात वर्षांनी उघडून बघावाच लागतो.

जागा निवडताना न्हाणीचं किंवा भांडी घासण्याचं पाणी जिथं मुरतं त्या बाजूला खड्डा घ्या. केळ, अळू जिथं वाढतात ती जागा बारमाही ओली असते. पाईपच्या डोक्यापर्यंत पाणी ओतायला नरसाळं ठेवा, भोवती विटांचा छोटा हौद आणि वर उचलता येणारं झाकण. जोड सिमेंटमध्ये कधीच पुरू नका. तो दिसला पाहिजे, कारण अर्थिंग बहुधा तिथंच मरतं. पाईप ते मेन ८ गेजची जीआय तार किंवा तांब्याची वायर, पीव्हीसी पाईपमधून, मध्ये एकही जोड नाही. बोल्ट घट्ट केल्यावर वर ग्रीस किंवा डांबरी रंग.

पायरी ५ : मेनपासून बोर्डापर्यंत

क्रम असा : मीटर, दोन्ही वायरी तोडणारा मेन स्विच, मग आरसीसीबी, मग प्रत्येक लाईनची एमसीबी. दुकानात 'तीस मिलीची' असं स्पष्ट सांगा. १०० आणि ३०० मिलीअँपियरच्याही मिळतात, पण त्या आगीपासून राखण करायला असतात, माणसाच्या जिवासाठी नव्हे. अँपियरचा आकडा मेनपेक्षा कमी नको. हल्लीच्या वॉशिंग मशीनमध्ये इलेक्ट्रॉनिक सर्किट असतं, म्हणून 'ए' टाईपची घ्या. अंगावर आयएस १२६४० चा आयएसआय मार्क बघा. खर्च झेपत असेल तर दोन लावा, एक न्हाणी-स्वयंपाकघराला आणि एक बाकी घराला. म्हणजे गिझरमुळं अख्खं घर अंधारात जात नाही.

लाईटच्या लाईनला दीडची (दीड चौरस मिमीची) तांब्याची वायर आणि ६ अँपियरची एमसीबी. १६ अँपियरच्या पॉवर पॉइंटला अडीचची आणि १६ ची एमसीबी. मोठ्या गिझरला किंवा एसीला चारची आणि २० ची. प्रत्येकाबरोबर तेवढ्याच जाडीची हिरवी वायर. किटकॅट फ्यूजमध्ये 'उडतो म्हणून' जाड तार बसवलेली असेल, तर आज पहिलं काम ते.

आरसीसीबीवरचं 'टी' बटण महिन्याला एकदा दाबा. ती पडली म्हणजे ती शाबूत आहे, एवढंच कळतं. अर्थिंग शाबूत असल्याचा तो पुरावा नाही. ते बटण फेज-न्यूट्रलमधूनच गळती करून दाखवतं, त्यामुळे अर्थिंग अजिबात नसलं तरी ती पडते. आणि ही पेटी काय करत नाही तेही माहीत असू द्या. एका हातात फेज आणि दुसऱ्यात न्यूट्रल धरलेल्या माणसाला ती ओळखत नाही. जादा लोडही तिला कळत नाही, त्यासाठी एमसीबी.

पावसात सारखी पडते म्हणून तिला मधून वगळून लाईन डायरेक्ट केलेली घरं मी मोजायची सोडून दिली. ती पडते याचा अर्थ तिला काहीतरी सापडलंय. शोधायचं असं : सगळ्या एमसीबी खाली करा, आरसीसीबी वर करा, मग एकेक एमसीबी चढवा. ज्या लाईनला ती पडेल तिथली सगळी यंत्रं प्लगमधून काढा आणि एकेक लावत जा. बहुतेक वेळा गिझरची कॉईल, परड्यातला पाण्यानं भरलेला बोर्ड किंवा जुनं ग्राइंडर निघतं. सगळं काढूनही पडत असेल तर न्यूट्रल कुठंतरी अर्थला टेकलाय किंवा दोन लाईनींचे न्यूट्रल मिसळलेत. ते वायरमनचं काम.

आरसीसीबी नसलेल्या घरातल्या गळतीची एक साधी खूण मीटरवर दिसते. सगळी यंत्रं आणि इन्व्हर्टर बंद करून, मेन चालू ठेवून मीटर बघा. लाल दिवा लुकलुकतच राहिला तर करंट कुठंतरी झिरपतोय. १ अँपियरची गळती दिवसाला साडेपाच युनिट खाते. पूर्वी बिल वाढलं की लोक चौकशी करायचे. २०२३ मध्ये कर्नाटक सरकारची गृहज्योती योजना आल्यापासून बऱ्याच घरांचं बिल शून्य येतं आणि कागद कुणी उलगडतही नाही. युनिटचा आकडा दर महिन्याला बघत जा.

इन्व्हर्टर, माग, मोटर

मेन बंद केला तरी इन्व्हर्टरची लाईन जिवंत असते. बल्ब बदलतानासुद्धा इन्व्हर्टर वेगळा बंद करा. वडगाव-खासबागला घरातच माग असतात. सगळा सांगाडा लोखंडी, आणि पोरं त्याच्या कडेनं येजा करतात. थ्री-फेज मोटर असेल तर तिच्या बॉडीला दोन वेगळ्या अर्थिंग तारा नियमानंच लागतात, आणि मागाच्या सांगाड्यालाही तार जोडून घ्या. बोअरच्या मोटरीचा स्टार्टर बॉक्स बहुधा लोखंडीच. त्यालाही तेच.

परड्यातली दोन ठिकाणं मला सगळ्यात जास्त भीती घालतात. एक, कपडे वाळत घालायची लोखंडी तार. तिचं एक टोक पत्र्याच्या शेडला आणि दुसरं सर्व्हिस वायरच्या (खांबावरून घरात येणाऱ्या वायरच्या) खांबाला किंवा क्लॅम्पला बांधलेलं असतं. पत्र्याच्या कडेवर सर्व्हिस वायरचं आवरण घासून गेलं की सगळा पत्रा आणि कपड्यांची तार जिवंत होते, आणि ओलं धुणं टाकायला जाते ती घरातली बाईच. तार आजच काढा, नायलॉनची दोरी बांधा. दोन, पाणी तापवायचा रॉड. बादलीत हात घालून 'तापलं का' बघायचं नाही. आधी प्लग काढायचा, मग बोट बुडवायचं. बादलीही लोखंडी नको.

शॉक बसला तर

चिकटलेल्या माणसाला हात लावू नका. आधी मेन पाडा. ते लगेच जमत नसेल तर कोरड्या जागी उभं राहून कोरड्या काठीनं किंवा पीव्हीसी पाईपनं वायर दूर करा. श्वास नसेल तर छातीच्या मधोमध मिनिटाला १०० ते १२० वेळा, सुमारे ५ सेंटिमीटर खोल दाबत राहा आणि दुसऱ्या कुणाला तरी १०८ लावायला सांगा. शुद्धीवर आला तरी दवाखान्यात न्या. हृदयाचा बिघाड नंतरही होऊ शकतो. रस्त्यावर किंवा शेतात तार पडलेली असेल तर दहा मीटर लांब थांबा, लोकांना थांबवा आणि १९१२ ला कळवा. तारेभोवतीची ओली जमीनसुद्धा जिवंत असते, म्हणून जवळ असाल तर पाय जोडून छोट्या सरकत्या पावलांनी मागं या.

ऑगस्ट २०१९ च्या पुरात कृष्णा, घटप्रभा, मलप्रभेच्या काठच्या घरांत बोर्डांच्या वरपर्यंत पाणी होतं. पुन्हा तशी वेळ आली तर पाणी ओसरल्या दिवशी मेन चढवू नका. बुडालेले सॉकेट, एमसीबी आणि आरसीसीबी बदलायच्या, वाळवून वापरायच्या नाहीत. बोर्ड उघडून गाळ काढायचा, पाईपमधलं पाणी निथळू द्यायचं, मग वायरमनकडून मेगरनं इन्सुलेशन मोजून घ्यायचं. अर्थिंगच्या खड्ड्यात गाळ बसलेला असतो, तो काढून जोड पुन्हा घट्ट करायचा आणि पाईपचं माप नव्यानं घ्यायचं. ते माप तारखेसह डीबीच्या (एमसीबींच्या पेटीच्या) दाराच्या आतल्या बाजूला खडूनं नव्हे, मार्करनं लिहून ठेवा, म्हणजे पुढच्या वैशाखात येणाऱ्या वायरमनला कशाशी ताडून बघायचं ते कळेल.